शनिवारचं बसणं

निपाणीत थंडी अंगाला लागण्याआधी नाकाला कळते. पहाटे दवानं भिजलेल्या तंबाखूच्या रानांवरून वारा गावात शिरतो, तेव्हा त्याला एक हिरवट, कडसर वास असतो. वखारीतल्या वाळल्या पानाचा दर्प वेगळा. त्यानं शिंका येतात. या ओल्या वासानं नुसती जाग येते. आज तशी जाग आली आणि अंथरुणातच लक्षात आलं की नाताळ जवळ आला.

स्वराज्य आल्यानंतरचा हा पहिला नाताळ. समोरच्या आळीत कामट्या चिरून नाताळाचा कागदी तारा बांधायचं काम चाललंय आणि खळ कुणी सांडली यावरून मुलांचं भांडणही. हे सगळं दरवर्षीचं. मला मात्र दरवर्षी या वासाबरोबर एकच डिसेंबर आठवतो, बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. त्या डिसेंबरात आम्ही चार पुरुष एका सुतारमेटात, म्हणजे सुताराच्या कामाच्या जागेत, दर शनिवारी बसत होतो. चौघांच्याही बायका देवाघरी गेलेल्या. त्या बसण्याला आम्ही कधी नाव ठेवलं नाही. "शनिवारी बसायचं हाय न्हवं?" एवढंच विचारायचं.

माझी शांता त्या वर्षी श्रावणातल्या झडीत गेली. विषमज्वर. मी शाळामास्तर. मुलांना पाढे शिकवणारा माणूस, पण घरात चहाची पूड कुठे असते तेही मला ठाऊक नव्हतं. पदरात सहा वर्षांची करुणा. पहिले काही दिवस शेजारपाजारच्या बायकांनी डबे आणून दिले, अंगण झाडलं, करुणाची वेणी घातली. मग डबे थांबले. त्यात कुणाचा दोष नाही, ज्याला त्याला आपली चूल असते. पण डबे थांबतात तेव्हाच माणूस गेल्याचं खरं कळतं, हे मी तेव्हा शिकलो. तोवर घर भरलेलं असतं. नंतर संध्याकाळी कडी वाजत नाही आणि तुम्ही कडीकडे बघत बसता.

शांताची थोरली बहीण मार्था आक्का बेळगावला मुलींच्या बोर्डिंगात काम करायची. मातीला आली होती तेव्हा तिनं सगळं एकटीनं निस्तरलं. डोळ्यांतून टिपूस नाही. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "नाताळाला येते. तेव्हा करुणाला घेऊन जाईन. पुरुषाच्या हाताखाली मुलगी वाढत नाही, मास्तर." तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस आला की कपडे आत घ्यायचे, तितक्या सरळपणे ती बोलली. मी मान हलवली. मला काय येत होतं, नाही म्हणायला?

त्यानंतर महिन्याभरात आमच्या पाळकीणबाई गेल्या. त्यांचे यजमान, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब, वयानं पन्नाशीच्या पुढचे, मुलं शिकून लांब गेलेली. गावात आणि आसपासच्या वाड्यांत आमच्या मंडळीतलं कुणी गेलं की ते छत्री घेऊन चालत जायचे. पवित्र शास्त्र वाचायचे, प्रार्थना करायचे, चार शब्द बोलायचे. माझ्याही घरी बोलले होते. बायको गेल्यानंतरच्या रविवारी ते देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उभे राहिले, शास्त्र उघडलं आणि पुन्हा मिटलं. म्हणाले, "आजवर तुमच्या घरी येऊन मी जे बोलत होतो, ते मला माहीत नसताना बोलत होतो. तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचे उपकार." आणि खाली बसले. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मग आम्ही एक गीत गायलो आणि घरी आलो.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी करुणाच्या पाटीची चौकट निखळली म्हणून मी याकोब आप्पाच्या सुतारमेटात गेलो. आप्पा साठीचे, बुटके, कानाला पेन्सिल. मंडळीतल्या लग्नाच्या खाटा त्यांच्या हातच्या आणि शेवटच्या पेट्याही त्यांच्याच हातच्या. बघतो तर लाकडांच्या ढिगावर पाळकसाहेब बसलेले. डोक्यावर टोपी नाही, धोतरावर भुसा. आप्पा त्यांच्याशी बोलत नव्हते, रंधा मारत होते. थोड्या वेळानं रंधा थांबवून आप्पांनी विचारलं, "जेवलासा?"

पाळकसाहेब म्हणाले, "सकाळी नाही. काल रात्रीही नाही वाटतं."

आप्पांनी कोपऱ्यातल्या तीन दगडांच्या चुलीत ढलप्या सारल्या, तवा ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. तेवढ्यात टांगेवाला दौलत आला. त्याच्या टांग्याची दांडी तडकली होती. दौलत तिशीचा, दणकट, तोंडानं तिखट. वर्षापूर्वी त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि मूलही गेलं. तेव्हापासून त्यानं देवळाची पायरी चढली नव्हती. पाळकसाहेबांना बघताच तो दारातच थबकला.

"ह्ये हितं असतील तर मी मागनं येतो," तो आप्पांना म्हणाला. "माझ्या घरात येऊन द्येवाची इच्छा म्हणालं हुतं ह्ये. बायकू आन लेकरू एका पेटीत. आन म्हणं द्येवाची इच्छा."

मला वाटलं, आता काहीतरी वाईट घडणार. पाळकसाहेब उठले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हणालो होतो, दौलत. परवा माझ्या घरात एकजण तेच म्हणाला. मी उठून परसात गेलो आणि तो जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो."

दौलत आत आला नाही. पण गेलाही नाही. आप्पांनी तव्यावर भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि कुणाकडे न बघता सांगितलं, "माझ्या बायकूची पेटी मी न्हाय केली. गावातल्या समद्यांच्या केल्या. तिची लांबी मला ठावं हुती की, माप घ्यायचीबी गरज न्हवती. पर हात करवतीला लागंना. शेवटी माझ्या भावानं केली. कोपरा नीट बसला न्हवता. अजून त्यो कोपरा दिसतो मला." हे सांगून त्यांनी भाकरी उलटली. "बसा की. पीठ चौघांना पुरंल."

आम्ही बसलो. भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा. मी त्या श्रावणानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो.

पुढच्या शनिवारी काहीही ठरलेलं नसताना चौघेही पुन्हा तिथंच. दौलतनं एकच अट घातली, हितं कुणी कुणाला समजवायचं न्हाय. पाळकसाहेबांनी जरा विचार केला आणि "मान्य" म्हणाले. सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना व्हायची, ती छोटी. त्या वेळी दौलत बाहेर घोड्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि "आमेन" ऐकू आलं की आत यायचा. कुणी त्याला त्यावरून टोकलं नाही. मध्ये जो वेळ असायचा त्यात आम्ही बायकांविषयी बोलायचो. त्या आजारी कशा पडल्या हे नाही, ते सगळे विचारतातच. त्या भांडायच्या कशा, हसायच्या कशावरून, कुठली भाजी त्यांना मुळीच जमायची नाही. दौलतची बायको घोड्याला गुळाचा खडा चोरून घालायची. पाळकीणबाई नवऱ्याचं प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावरून बांगड्या वाजवायच्या. हे सांगताना पाळकसाहेबांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, जणू बांगड्या तिथंच असाव्यात.

सांत्वन हा शब्द मी शाळेत कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलाय. त्याचा अर्थ मात्र मला त्या मेटात कळला. आपल्या आधी त्या पाण्यात उतरलेला माणूस शेजारी बसलेला असतो, त्याच्या नाकातोंडात पाणी गेलेलं असतं, आणि तरी तो कांदा फोडून तुमच्या पानात ठेवतो. मोठमोठ्या शब्दांपेक्षा त्या फोडलेल्या कांद्यानं मला जास्त धीर दिला.

करुणाच्या केसांचा प्रश्न तसाच होता. शेजारच्या बाईंना रोज त्रास द्यायचा संकोच वाटे, म्हणून मी केस कापून टाकायचं ठरवलं. कात्री बघून ती पलंगाखाली जाऊन बसली. "आईला माझे लांब केस आवडायचे," एवढंच आतून म्हणाली. मी हे शनिवारी सांगितलं. दौलतनं मान वर केली. "मास्तर, चाबकाची वादी कशी इणत्यात बघितलासा कदी?" त्यानं आप्पांच्या बाकाच्या खुंटीला काथ्याचे तीन पेड बांधले आणि दाखवायला लागला. उजवीकडचा मधे, डावीकडचा मधे. माझी वेणी आधी दोरखंडासारखी घट्ट झाली, मग केळीच्या सोपटासारखी ढिली. पाळकसाहेबांनीही हट्टानं तीन पेड मागून घेतले. त्यांची वेणी सगळ्यांत सुरेख झाली. ती हातात धरून ते म्हणाले, "तीस वर्षं मी शेजारी बसून बघत होतो. हात लावून बघायचं कधी सुचलं नाही." आणि हसले. मग आम्ही सगळेच इतके हसलो की बाहेर घोडा खिंकाळला.

दुसऱ्या दिवशी करुणा माझ्या हातची वेणी घालून देवळात गेली. मधोमध ती जरा वाकडी होती. एका बाजूचे केस सुटले होते. पण मी तिच्या मागच्या बाकावर बसून संपूर्ण उपासनाभर त्या वेणीकडे बघत होतो, आणि मला जे वाटत होतं त्याला अभिमानच म्हणतात.

डिसेंबर लागला. दरवर्षी नाताळाचं जेवण पाळकीणबाईंच्या हाताखाली व्हायचं. या वर्षी नको, असं बायकांनी आपसांत ठरवलं. दुखवट्याचं वर्ष. रविवारी ही गोष्ट निघाली तेव्हा आप्पा उभे राहिले. "जेवण हुईल. आमी करू."

"तुमी म्हंजे कोण?" मंडळीतल्या सगळ्यांत वडील सगुणा मावशींनी विचारलं.

"आमी चौघं."

"मिठाचा डबा कुठला आन साखरेचा कुठला, ते तरी कळतंय का तुमास्नी?"

"चाटून बघू," आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

मग सुतारमेटाचं रूपच बदललं. करवती भिंतीला टांगल्या गेल्या, बाकावर परात आली. आमची पहिली चकली तेलात विरघळून गेली. करंज्या फुटून सारण कढईत पसरलं आणि धूर बघून शेजारचा तेली बादली घेऊन धावत आला. मटणाचा रस्सा जमवायची जबाबदारी माझ्यावर होती. एका शनिवारी कांदा-खोबरं भाजून, वाटून, चटणी घालून रस्सा उकळायला ठेवला आणि त्याची वाफ तोंडावर आली. तो शांताच्या रश्शाचा वास होता. अगदी तोच. मी पळी हातात धरून उभा राहिलो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, कुणी गप्प राहा म्हणालं नाही. दौलत उठला, माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि रस्सा ढवळायला लागला. "खाली लागंल," एवढंच म्हणाला. माझं रडून होईपर्यंत तो ढवळत राहिला.

नाताळाच्या आदल्या दिवशी मार्था आक्का सर्व्हिस मोटारीनं आली. करुणासाठी दोन नवे झगे आणि बोर्डिंगचा गणवेश घेऊन आली होती. गणवेश तिनं खुंटीवर टांगला. करुणा त्याच्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

नाताळाची सकाळ स्वच्छ होती. देवळात गीतं झाली, पाळकसाहेबांनी प्रवचन केलं आणि ते चांगलं आटोपशीर केलं. मग देवळाच्या पटांगणात पंगत मांडली. आप्पांनी जाहीर केलं की आज बायका आधी बसतील. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कितीतरी जणींना वाढून घेत बसायची सवयच नव्हती. सगुणा मावशी बसल्या, मग सगळ्या बसल्या. दौलत त्या सकाळीही देवळात आला नव्हता. उपासनाभर तो बाहेर चुलाणाशी होता. पण रश्शाची बादली घेऊन पंगतीत त्याच्यासारखा कुणी फिरला नाही. "आक्का, घ्या की. मावशे, अजून घे, लाजू नगंस." पाळकसाहेब धोतर खोचून भात वाढत होते. सगुणा मावशींनी रश्शाचा घोट घेतला. आम्ही चौघे श्वास धरून उभे होतो. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग वाटी पुढे केली. "वाढ," त्या म्हणाल्या. मला वाटतं, परीक्षेत पास झालेल्या कुठल्याही मुलाला एवढा आनंद झाला नसेल.

आक्काही जेवली. जेवता जेवता तिनं करुणाची वेणी हातात घेऊन बघितली. "कुणी घातली?"

"बाबांनी."

आक्कानं वेणी सोडून दिली आणि पुन्हा खाली बघून जेवायला लागली.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "तुम्ही खूप केलंत, मास्तर. मी डोळ्यांनी बघितलं. पण ती आजारी पडली तर? मोठी होईल तेव्हा तिच्याशी कोण बोलेल? शांताचं एवढंच उरलंय. मला भीती वाटते." तिचं काही खोटं नव्हतं. सोमवारच्या मोटारीनं निघायचं ठरलं.

मधल्या शनिवारी मी करुणाला घेऊन मेटात गेलो. थोड्या वेळानं आक्का तिला न्यायला आली, कपडे भरायचे होते. आप्पांनी तिच्यासाठी चौरंग पुसून पुढे सरकवला. ती टेकली, उठायच्या तयारीनंच. आप्पांनी विचारलं, "आक्का, तुमची भन कशी हुती?"

आक्का चौरंगावर मागे सरकून बसली. तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी माझी विचारपूस केली होती, करुणाची केली होती. बोर्डिंगात तर दुसऱ्या दिवशीच ती कामावर हजर झाली होती.

"हट्टी," ती शेवटी म्हणाली. "लहानपणी माझ्या कमरेवरून खाली उतरायची नाही. आई गेली तेव्हा ती रांगत होती. मी नऊ वर्षांची. मीच वाढवली तिला." मग ती बोलतच राहिली. शांता चिंचेच्या झाडावर चढून उतरता येईना म्हणून रडली होती ते. आक्काच्या पांघरुणात शिरून थंडगार पाय तिच्या पोटाला लावायची ते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तेवढ्या वेळापुरती माझी शांता मला पुन्हा नवी मिळाली. "बापानं आम्हा दोघींना बोर्डिंगात घातलं," आक्का म्हणाली. "त्याचं तरी काय चुकलं? त्याला काही येत नव्हतं आणि दाखवणारं कुणी नव्हतं. महिन्यातून एकदा यायचा, फाटकाशी उभा राहायचा. शांता मला विचारायची, तो आपला बाप आहे तर आपल्या घरी का नाही?"

आणि ती थांबली. स्वतःचं बोलणं स्वतःच्याच कानांवर पडल्यासारखी. करुणा ढलप्यांची साखळी करत बसली होती. आक्काचा चेहरा हळूहळू वेडावाकडा झाला आणि ती पदर तोंडाला लावून रडली, चार महिन्यांचं रडली. आम्ही तिला रडू दिलं. आप्पांनी चुलीत आणखी ढलप्या सारल्या. त्या दिवशी शेवटची प्रार्थना पाळकसाहेबांनी नाही, आक्कानं केली. पुटपुटतच केली. दौलत त्या वेळी बाहेर गेला नाही. दारात उभा राहिला, हात छातीशी बांधून. पुढेही तो देवळात फारसा आला नाही, पण प्रार्थनेच्या वेळी मेटाच्या दाराबाहेर त्यानंतर कधी गेला नाही.

ते बसणं अजून आहे. पुढे एका वर्षी चिकोडीच्या वाटेवरचा एक जैन शेतकरी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव दुरुस्त करायला आला आणि पुढच्या शनिवारी गाडी ठीक असूनही आला. यमकनमर्डीची एक म्हातारी लेक गेल्यावर आली. बेळगावला आक्कानं बोर्डिंगच्या पडवीत बायकांचं बसणं सुरू केलं, तिथं कॅंपातल्या, येळ्ळूरच्या, कुठकुठच्या बायका येतात. युद्धात पोरं गेलेल्या आया येऊ लागल्या तेव्हा पडवी पुरेना. कुणाचा देव कोणता हे तिथं कुणी विचारत नाही. गेलेलं माणूस कसं होतं, तेवढं विचारतात.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. दौलतनं टांगा दारात आणला. आक्कानं गणवेश घडी घालून आपल्याच पिशवीत ठेवला. मी करुणाला घेऊन टांग्यात चढलो. पाळकसाहेब आणि आप्पाही टांग्यात चढले. मोटार स्टँडवर आली, आक्का खिडकीशी बसली. करुणा माझ्या हाताला धरून उभी. आक्का वाकून मला म्हणाली, "पुढल्या महिन्यात येईन, मास्तर."

"हिला न्यायला?"

"नाही," ती म्हणाली. "बसायला."

मोटार धूळ उडवत बेळगावच्या रस्त्याला लागली आणि आम्ही तिथंच उभे राहिलो, चार पुरुष आणि एक मुलगी. मग पाळकसाहेबांनी करुणाला उचलून टांग्यात पुढे बसवलं. परतताना दौलत नेहमीच्या मागच्या गल्लीनं गेला नाही. त्यानं घोडा सरळ भर बाजारात घातला आणि दौडत सोडला. पाळकसाहेबांनी मोठ्यानं नाताळाचं गीत सुरू केलं, भर दुपारी, सगळ्या पेठेदेखत. आप्पांनी ठेका धरला. मीही गात होतो, आणि माझा आवाज माझ्या कानांना ओळखू येत नव्हता. दुकानदार फळ्यांवर येऊन उभे राहिले. वखारीतल्या बाया दारात जमल्या. एका पानवाल्यानं ओरडून विचारलं, "कुणाची वरात रं, दौलत?"

दौलतनं लगाम न खेचता मागं वळून सांगितलं, "वरात न्हाय. पोरगी घरीच ऱ्हायली आमची."